खवल्यांसकट

शीर्षक

"वैनगंगेच्या खोऱ्यातून प्रथमच मिळालेला एक लहान मासा."

हे शीर्षक मी मासा मिळाल्यावरच लिहिलं, आधी नाही. तेवढी सावध मी आहे. पण मिळालेला मासा आणि बाटलीत गेलेला मासा यांच्या मधोमध आमच्या गावात एक चूल असते, हे लिहिताना डोक्यात आलं नाही.

लेखिका

दामिनी वलथरे. गाव सानगडीच्या पुढं, तलावाच्या पाळीला टेकून बसलेलं. घर ढिवरांचं, आजा, पणजा, सगळे जाळं टाकणारे. मी जाळ्यातून निसटून कॉलेजात गेले आणि प्राणिशास्त्र शिकून पुन्हा माशांकडेच आले. राहते मोठीमायकडे, म्हणजे आईची थोरली बहीण शकुबाई हिच्याकडे. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आमची पोरगी मासोऱ्याईची डाक्टर होऊन राहिली. धरता येत नाही तिले. नावं मातर धडाधड सांगते."

प्रस्तावना

रीना: का व, तुह्या तलावात का आहे? रोहू?

मी: पिचिंग आहे.

रीना: ते का असते?

मी: पाळीले आतून लावलेले दगड. तुह्या समुद्रातल्या खडकाचा गरीब भाऊ.

रीना: 😂

रीना माझ्याबरोबर साकोलीला शिकली आणि मग कोकणात गेली. ती पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरते आणि बुडालेल्या खडकांच्या भिंतींमधले मासे मोजते. मागच्या हिवाळ्यात तिला तिथं बोटाएवढा एक मासा दिसला. त्या किनाऱ्यावर तो आधी कोणी नोंदवला नव्हता. आता त्या नोंदीखाली तिचं नाव आहे. मला आनंद झाला. आनंदाच्या खाली जे झालं त्यालाही एक नाव आहे, पण ते प्रस्तावनेत घालत नाहीत.

मग मी आमच्या पिचिंगमध्ये डोकं घालायला लागले. अक्षरशः. पाणी कमी झालं की पाळीच्या पोटातले दगड उघडे पडतात, आणि त्यांच्या फटींत अजून पाणी असतं. अशा एका फटीत तो उभा होता. माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. तोंड बाहेर, शेपूट आत, दारात उभ्या राहिलेल्या घरमालकासारखा. मी बोट पुढं केलं तर मागं सरकला नाही. पर फुलवून माझ्याच अंगावर आला.

गावात त्याला नाव नाही. रोहूला आहे, मरळीला आहे, शिंगाड्याला आहे. बोटापेक्षा लहान जे असेल ते सगळं "बारीक".

फोटो मी माझ्या मार्गदर्शकांना, लिलाधर रहांगडाले सरांना पाठवला. सरांचा लगेच फोन.

"दामिनी, हा तिकडे पूर्वेकडच्या ओढ्यांमध्ये राहतो. आपल्या खोऱ्यात कोणालाच मिळालेला नाही. कुठून आणला?"

"घरून, सर."

"फोटोवर भागणार नाही. अख्खा मासा पाहिजे. खवले मोजायचे, पर मोजायचे, पराचे काटे मोजायचे. बाटलीत घालून संग्रहालयात ठेवायचा. म्हणजे उद्या कोणी म्हणालं की दामिनी खोटं बोलते, तर बाटली उघडून दाखवता येते. तोपर्यंत तो तुझा मासा. जगाचा नाही."

आणि वेळ नव्हता. उन्हाळा संपत आला होता, तलाव तळाला गेला होता. अशा वेळी आमची मच्छीमार संस्था आपले मोठे मासे काढून घेते आणि मग एके दिवशी तलाव मोकळा करते. म्हणजे गावातल्या कोणीही यावं, टोपली घेऊन चिखलात उतरावं आणि मिळेल ते न्यावं. संध्याकाळपर्यंत तळ नुसता चाळलेला असतो. यंदा दुसऱ्याच दिवशी गाळ काढायची मशीन येणार होती, आणि ती पिचिंगचे दगडही उकलून नव्यानं बसवणार होती.

म्हणजे जे काय ते तलाव मोकळा व्हायच्या त्या एका दिवशीच.

साहित्य व पद्धत

एक बादली. मच्छरदाणीचा तुकडा. दोन गुडघे, दोन्ही सोललेले.

तलाव मोकळा व्हायच्या आधी, उजाडतानाच मी पिचिंगच्या खालच्या ओळीत उतरले आणि फटीफटींतून मासे काढले. ओंजळभर मिळाले. सगळे तेच, घरमालक. बादलीत पाणी, वर ओलं फडकं. सर सानगडीपर्यंत बसनं येणार होते, फॉर्मॅलिन आणि बाटल्या घेऊन. त्यांना आणायला मी स्कूटी काढली आणि निघताना मोठीमायला सांगितलं,

"मोठीमाय, ह्या बादलीजवर कोनाले येऊ देऊ नको. सरासाठी आहेत ह्या मासोऱ्या."

"सर जेवतीन ना आपल्याकडे?"

"जेवतीन."

"जा मंग. घाई नोको करू, गाडी सावकाश चालव."

हा संवाद मी नंतर डोक्यात अनेकदा वाजवून पाहिला. प्रत्येक वाक्य बरोबर आहे.

निरीक्षण

आम्ही आलो तेव्हा मोठीमाय परसात पाटावर बसली होती. समोर पावशी, म्हणजे विळी, बाजूला चुलीच्या राखेचं घमेलं, घासायचा खरबरीत दगड, आणि कोपरात, म्हणजे आमच्या मोठ्या पितळी ताटात, माझे मासे.

खवले नाहीत. पर नाहीत. कल्ले नाहीत. शेपट्या नाहीत. डोकी मांजरीकडे गेलेली. जे उरलं होतं ते इतकं पांढरं, इतकं स्वच्छ होतं की ते मासेच होते हे मला सांगावं लागलं असतं.

मोठीमायनं कपाळावरचा घाम दंडानं पुसला. "या सर. बसा. पाय माय, सारी सकार गेली. एवढ्याशा मासोऱ्या, हातात का येतात त्या! निसट निसट करत होत्या. पन एक खवला नाही ठेवला म्यां. एक सापडला तं नाव बदलीन."

माझ्या तोंडून एवढंच निघालं: "काहून?"

"काहून म्हन्जे?"

"मोठीमाय, काहून घासल्या व? म्यां म्हनलं होतं का घासाले?"

"तूच तं म्हनली सरासाठी आहेत म्हून!"

इथं एक टीप द्यावी लागेल.

टीप. ढिवरांच्या घरातून पाहुण्याला मासे देतात तेव्हा ते घासून, धुऊन देतात. खवल्यांसकट मासा पाहुण्याच्या हातात ठेवणं म्हणजे त्याला सांगणं की, जा बापा, आपल्या घरी जाऊन घास. मासा जितका लहान तितका मान मोठा, कारण लहान मासा घासायला जीव जातो. कैलाशमामाची सोयरीक एका न घासलेल्या मरळीवरून मोडली, हे आमच्या घरात आजही दबक्या आवाजात सांगतात. त्या बाजूच्या माणसांनी मरळ परत पाठवली, आणि पोरगीही पाठवली नाही. हे सगळं मला लहानपणापासून माहीत आहे. कॉलेजात गेल्यावर बाकीचं राहिलं, एवढंच नेमकं विसरायला झालं. (टीप समाप्त.)

सर कोपराशेजारी उकिडवे बसले. खिशातून भिंग काढलं. एक मासा उचलून बोटांत फिरवला. बराच वेळ फिरवला.

"ताई," ते म्हणाले, "मी तीस वर्षं माशांचं काम करतो. इतका स्वच्छ मासा मी पाहिला नाही."

"पाय!" मोठीमाय मला म्हणाली, म्हणजे बघ.

"यात मोजण्यासारखं काही म्हणजे काहीच उरलेलं नाही."

"पाय!" मोठीमाय पुन्हा म्हणाली, आणि मग ती तारीफ नसल्याचं तिला हळूहळू कळलं.

निष्कर्ष

काही नाही.

(हे इथं फार लवकर आलं. पुढं सरकवावं.)

पद्धत, दुसरी

मी परत पिचिंगकडे धावले. पण तोपर्यंत तलाव मोकळा झाला होता. तळाच्या चिखलात अख्खं गाव होतं: टोपल्या, घमेली, जुन्या साड्या, एक पंख्याची जाळी. पिचिंगच्या फटीफटींत हात घालून माणसं बसली होती. माझ्या घरमालकांच्या घरात प्रत्येक दाराशी एकेक पाहुणा.

आणि पाळीवर झाडांच्या सावलीत बायांची रांग. प्रत्येकीसमोर मासे, प्रत्येकीजवळ घरून आणलेली राख. खर्र खर्र खर्र.

मी पहिलीकडे धावले. "घासू नको काकू!" ती थांबली. मी दुसरीकडे वळले, तोवर पहिलीनं पुन्हा सुरू केलं. तिसरी म्हणाली, "काहून? तू घासून देतेस का?" चौथीनं मला एक टोपली धरायला दिली.

मग मला भोंगा दिसला.

आमच्या संस्थेचा अध्यक्ष टेकचंद. मंदिराच्या भोंग्यावर बोलायचा अधिकार गावात त्याच्याकडे आहे, कारण माईकचं बटण कुठून दाबलं की चालतं ते त्यालाच जमतं. मी त्याला धापा टाकत सगळं सांगितलं. खवले, पर, काटे, संग्रहालय. त्यानं मान डोलावली. "समजलं. थोडक्यात सांगतो."

भोंग्यावरून

"हॅलो. हॅलो. ऐका हो. समस्त गावकऱ्याईले कळवन्यात येते का, बारीक मासोऱ्या कोनी घासू नये. शिजवू नये. खाऊ नये. बाहेरून सर आलेले आहेत. त्याईले तपासाच्या आहेत. ज्याच्याजवर असन त्यानं त्या जशाच्या तशा पाळीवर दामिनीकडे जमा कराव्या. लवकर करा. हॅलो. धन्यवाद."

चर्चा

खर्र खर्र थांबलं. भोंग्यावर विश्वास ठेवणारं आमचं गाव आहे. पण घासू नये, शिजवू नये, खाऊ नये, बाहेरून सर आले, तपासायचं आहे, लवकर करा. तुम्हीच सांगा, यावरून तुम्हाला काय वाटलं असतं?

"इख आहे!" कोणीतरी म्हणालं. इख म्हणजे विष.

मग जे सुरू झालं त्याला धावपळ म्हणता येईल. बाया उठल्या, टोपल्या उचलल्या आणि माझ्या पायाशी आणून ओतल्या. बारीक ओतल्या, मोठ्या ओतल्या, झिंगे ओतले, एकीनं दोन खेकडे ओतले आणि ते चालू लागले. मरळी आल्या. चिखलात हात बुडवून बसलेली माणसं हात वर करून बाहेर आली. कुणी हात राखेनं घासत होतं, कुणी पाण्यानं, कुणी दुसऱ्याच्या पाठीला.

शेजारची सत्यभामाबाई पदर खोचत आली. "पोरी, माह्या घरच्यानं तं खाल्ल्या व! चार बारीक तरून खाल्ल्या!"

"कधी?"

"मघाशीच!"

"आता का होऊन राहिलं त्याईले?"

"झोपला आहे."

"कसा झोपला?"

सत्यभामाबाईनं विचार केला. "रोज झोपते तसाच."

मी ओरडून सांगत होते, इख नाही, काही नाही, मोजायचे आहेत फक्त. पण मोजायला म्हणून मासे मागणारं माणूस कोणी पाहिलेलं नव्हतं. आणि एक जण म्हणाला तेही खरंच होतं, "तू तं म्हनशीनच नाही म्हून. गाव घाबरून राहिलं म्हून नाही म्हनून राहिली."

माझ्या पायाशी गावभराचे मासे, खवल्यांसकट, परांसकट, जसे हवे होते तसे. पण उन्हात. आणि भोवती अख्खं गाव, चार हात लांब, एकही हात पुढं न करणारं. त्या ढिगात माझा घरमालक असेल तर तो एकटीनं शोधायला मला संध्याकाळ झाली असती, आणि तोवर ढीग नुसता वासाचा उरला असता.

"सर," टेकचंद म्हणाला, "इख नसन तं तुम्ही एक खाऊन दाखवा ना. विषय संपला."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी शर्टाचं वरचं बटण सोडून आतली तुळशीची माळ बाहेर काढली.

"मी खात नाही."

"म्हन्जे? आज का?"

"कधीच नाही. आमच्या घरी वारकरी संप्रदाय आहे. मासे मोजतो, खात नाही."

मग कोणीतरी पुटपुटलं, "मासोऱ्याईचा सर, आनि मासोरी खात नाही. पाय ना. इखच आहे."

प्रयोग

तेवढ्यात मोठीमाय आली. डोक्यावर गंज, म्हणजे पातेलं, गंजावर झाकण, झाकणावर भाकरी. घासलेले मासे उन्हात ठेवता येत नाहीत. तिनं ते शिजवले होते, कच्च्या आंब्याच्या फोडी टाकून. सरांचं जेवण ती पाळीवर घेऊन आली होती.

तिला सगळं सांगितलं. एकाच वेळी सगळ्यांनी सांगितलं. तिनं त्यातली एकच गोष्ट ऐकली.

"सर, तुम्ही मासोरी खात नाही?"

"नाही, ताई."

"मंग माही सारी सकार कायले गेली?"

सर खाली बघत उभे राहिले, जसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मोठीमाय ढिगाकडे वळली, मग गावाकडे. "आनि तुम्हाले का झालं? इख? माह्या हातच्या मासोरीत इख?"

"तुह्या हातचं नाही व शकु," सत्यभामाबाई म्हणाली, "तलावातलं."

"तलावातली मासोरी माह्या हातात आली का ते माह्या हातची!"

ती तिथंच पाळीवर मांडी घालून बसली. गंज समोर घेतला. झाकण काढलं. वाफेबरोबर आंब्याचा वास असा पसरला की मागं सरकलेली माणसं एक पाऊल पुढं आली. तिनं भाकरी मोडली, रस्स्यात बुडवली, वर एक मासा ठेवला. अख्खा. काटा काढायला त्यात काही नव्हतंच.

वैनगंगेच्या खोऱ्यातून प्रथमच मिळालेला लहान मासा माझ्या डोळ्यांदेखत हळदतिखटात न्हाऊन मोठीमायच्या तोंडात गेला.

गाव बघत होतं. आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे की शकुबाई दुसऱ्याच्या लग्नातसुद्धा आधी वास घेते, मग जीभ लावते, मग पंगतीतून उठून आचाऱ्याला विचारून येते, आणि मग जेवते. ती दुसरा घास घेत होती.

"शकु," सत्यभामाबाईनं हळूच विचारलं, "कसं लागून राहिलं व जिवाले?"

मोठीमायनं चावणं थांबवलं. 

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

हसू आधी एका कोपऱ्यातून आलं आणि मग सगळीकडून. टेकचंद म्हणाला, पाहू दे गा मले पन, आणि अध्यक्ष म्हणून पहिला मासा घेतला, आणि अध्यक्ष म्हणून दुसराही. मीठ खरंच कमी होतं. त्याबद्दल कोणाचंच मोठीमायशी भांडण झालं नाही. गंज रिकामा झाला. माझे सगळे नमुने संपले. पण गाव चार हात पुढं आलं होतं.

आणि लगेच बाया आपापल्या टोपल्या परत भरायला वाकल्या. राखेची घमेली पुन्हा पुढं ओढली गेली.

"ठेवा!" मोठीमाय उभी राहिली. "राखेले हात लावाल तं पाहा. कोनी काही घासाचं नाही. एकेक मासोरी आधी पोरीले दाखवा. कशी असते व ती, सांग याईले."

मी सांगितलं. दोन पेरांएवढी. अंग चपटं. पाठीवरचा पर लांब, पुढून शेपटीपर्यंत. परावर काटे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: काहीही तुटलेलं नको.

"समजलं का?" मोठीमाय म्हणाली. "नवरी पाहाची आहे. नाक-डोरे सारे जागच्या जागी पायजे."

नमुने

"हे का?"

"नाही, काकू. हे मरळीचं पिलू."

"हे?"

"नाही."

"हे तं तेच असन."

"हा झिंगा आहे."

"बारीक तं आहे ना!"

माणसं गोल बसली. ढीग मधे. सरांनी गुडघ्यावर पांढरा रुमाल पसरला आणि येईल तो मासा त्यावर ठेवून भिंग लावलं. उजवीकडे टाकलेले गेले परत टोपल्यांत. डावीकडे ठेवायला काही मिळेना. ऊन डोक्यावरून पलीकडे गेलं. सकाळी ओंजळभर मिळाले होते. आता एवढ्या गावाच्या एवढ्या टोपल्यांत एकही नाही? मग पिचिंगमध्ये होते तेवढेच होते की काय? आणि तेवढे आम्ही आंबा घालून खाल्ले?

"सर, हे पाहा."

सत्यभामाबाई. तळहातावर एक काळसर तुकडा, चिखलानं माखलेला. सरांनी तो पाण्यात बुडवला. पर उलगडला. शेपूट उलगडली. सरांनी भिंग माझ्या हातात दिलं.

घरमालक होता. मेलेला, पण अख्खा.

"मोज," सर म्हणाले.

मी पराचे काटे मोजायला घेतले. आणि भोवतीच्या सगळ्यांनी माझ्याबरोबर मोठ्यानं मोजायला घेतलं, कोणाला काही दिसत नसताना. एक! दोन! तीन! मला दोनदा चुकायला झालं, कारण गाव माझ्या पुढं मोजत जात होतं. शेवटी मोठीमायनं सगळ्यांना गप्प केलं आणि मग मोजणी जमली. खवल्यांची ओळ जमली. सगळं जुळलं.

"हाच," सर म्हणाले. "नोंद झाली, दामिनी."

मी रडले नाही. डोळ्यांत राख गेली होती. पाळीवर दिवसभर राख उडत होती.

"माह्यं नाव येईन का त्याच्यात?" सत्यभामाबाईनं विचारलं.

"येणार ना. नमुना कोणी मिळवला ते लिहावंच लागतं."

"माह्यंच घाल. घरच्याचं नोको घालू, तो झोपला होता."

त्यानंतर आणखी दोन मिळाले, दोन्ही धड. एक मिळाला त्याची शेपूट खेकड्यानं खाल्लेली. तो मोठीमायनं स्वतःच बाद केला. धड होते ते तिन्ही बाटलीत गेले. सरांनी चिठ्ठी लिहून आत सोडली, झाकण घट्ट केलं, आणि बाटली हातोहात पाळीवर फिरली. जो तो उजेडाकडे धरून पाहत होता.

जिवंतपणीचा रंग

इथं टिपणात काही लिहायचं नव्हतं. मेलेल्या माशाचा रंग उडतो, बाटलीत तर सगळे मासे चहाच्या रंगाचे होतात. नोंद रंगावाचूनही चालली असती.

तेवढ्यात अंजू आली. ती पलीकडच्या आळीतली, उशिरा चिखलात उतरली होती. तिच्या हातात लोटा, आणि लोट्यात पाणी, आणि पाण्यात…

"सर! जिता आहे!"

आइस्क्रीमच्या डब्याचं पांढरं झाकण कोणाकडे तरी होतं. त्यात पाणी ओतून मासा सोडला. पर फुलवून तो मधोमध उभा राहिला आणि भोवतीच्या सगळ्या तोंडांकडे बघायला लागला, जणू आम्हीच त्याच्या दारात आलो होतो.

"पटकन लिही," सर म्हणाले. "जिवंत असताना कसा दिसतो ते."

मी लिहिलं: काळसर.

"काळसर कुठं व? वांग्यासारखा आहे," अंजू म्हणाली.

पाहिलं. खरंच वांग्यासारखा. मी खोडून लिहिलं: जांभळट.

टेकचंद पाहायला वाकला. त्याची सावली पाण्यावर पडली आणि मासा करडा झाला, अंगावर आडवे पट्टे उठले.

"हट गा! रंग उडवला त्याचा!"

"म्यां का केलं? म्यां पाहिलंच फक्त!"

मी लिहिलं: करडा, पट्टे स्पष्ट. सत्यभामाबाई म्हणाली पट्टे नाहीत, ठिपके आहेत. तिच्या बाजूनं ठिपकेच होते. पराच्या कडेला निळी रेघ उमटली, तशी दोन बाया एकदम म्हणाल्या, "मोराची!" आणि ती गेली.

"सर, नेमका कोणता लिहू?"

"मलाही ठाऊक नाही," सर म्हणाले. ते पोटावर झोपून फोटो काढत होते, शर्ट चिखलात, माळ झाकणाच्या कडेला लोंबत. "तू लिहीत राहा."

"याले बाटलीत घालाचं आहे का?" मोठीमायनं विचारलं.

"तीन पुरतात, ताई."

"मंग कुठं सोडाचं? उद्या तं मशीन येऊन राहिली."

सगळ्यांनी टेकचंदकडे पाहिलं. तलाव आता नुसता चिखल होता. फक्त तुडुमाजवळ, म्हणजे जिथून पाणी शेतात सोडतात त्या दगडी तोंडाशी, एक खोल डबकं उरलं होतं. त्यातले मासे संस्थेनं अजून काढले नव्हते. टेकचंदनं डोकं खाजवलं. मग पुन्हा खाजवलं.

"मले असं कायले पाहून राहिले? संस्थेले विचारा लागन."

"संस्था इथंच बसली आहे," मोठीमाय म्हणाली. "विचार."

टेकचंदनं मान वळवून पाळीवरच्या संस्थेला विचारलं. संस्था झाकणात बघत होती. कोणी वर पाहिलंच नाही. कोणीतरी हात हलवला, म्हणजे राहू दे.

"ठीक आहे मंग," टेकचंद म्हणाला. "तुडुमाचा डोह यंदा धराचा नाही. मशीनवाल्याले मी सांगतो, तिकडले दगड उकलू नोको म्हून. भोंग्यावर सांगू का?"

"नोको!" सगळं गाव एकदम म्हणालं.

मग आम्ही निघालो. पांढरं झाकण दोन्ही हातांत धरून मी पुढं, सर कॅमेरा घेऊन आडवे चालत, मागं गाव. पाण्यावर प्रत्येकाची सावली पडत होती, निघत होती, पुन्हा पडत होती, आणि अंजू माझी पेन्सिल घेऊन माझ्यासाठी लिहीत होती, कारण माझे हात मोकळे नव्हते.

"लिही: राखाडी."

"लिहिलं."

"लिही: नाही, थांब, निळा. पराखाली निळा."

"खोडू का राखाडी?"

"नको खोडू. दोन्ही राहू दे."

"आता हिरवा दिसून राहिला व!"

"लिही हिरवा."

"जांभूर!"

"लिही."

"अरे, पाहा पाहा, आता तं पुरा मोराचा!"

तुडुमाशी पोचून मी झाकण डोहात कलतं केलं, तोवर अंजूच्या पानावर रंग लिहायला जागा उरली नव्हती.